राणीच्या पदाचा फोटो

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, जावई, पाहुणे आणि समुद्रात पाय बुडवायला आलेले पर्यटक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या गावाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला फोटो कधी काढलाच गेला नव्हता. ज्यांना ही बातमी उभ्याने सोसणार नाही, त्यांनी खुर्ची घ्यावी. खुर्च्या मंडपवाल्याच्या आहेत, त्यांच्यावर उभे राहू नये.

हे निवेदन मी आज असं छाती काढून करतोय, कारण सगळं पार पडलंय आणि कोणी कोणाशी बोलायचं थांबलेलं नाही. यंदाच्या जत्रेआधी मात्र हीच बातमी मी आठवडाभर घशात धरून फिरत होतो, आणि माझ्यासारख्या माणसाला घशात काही धरून ठेवणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

मी आमच्या पंचक्रोशीचा निवेदक. नागावच्या पुढं दोन-तीन गावं गेलात की कुठलाही लाउडस्पीकर माझ्याच आवाजात बोलतो. साखरपुडा, टेनिस बॉलचे सामने, किनाऱ्यावरच्या बैलगाड्यांच्या शर्यती, निरोप समारंभ. पोटासाठी मी अलिबागला कोर्टासमोर प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. तिथं दिवसभर लोक खरं बोलायची शपथ घेत असतात, म्हणून संध्याकाळी मंचावर थोडं वाढवून बोलायची मला मोकळीक आहे, असं मी धरून चालतो.

आता चाचा. चाचांचा अलिबागच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. घर रेवदंड्याच्या बाजूला, खाडीलगतच्या मोहल्ल्यात. भाऊ सगळे गल्फला गेले, चाचा एकटे इथं राहिले, कॅमेरा घेऊन. स्टुडिओत मागं एक रंगवलेला पडदा होता, त्यावर बर्फाचे डोंगर आणि तळ्यात दोन हंस. आमच्या तालुक्यातल्या अर्ध्या जोडप्यांचा पहिला फोटो त्या हंसांसोबत आहे. गल्फला जाणाऱ्या पोरांचे पासपोर्टचे फोटो चाचाच काढायचे. पासपोर्टसाठी हसायचं नसतं. तो फोटो झाला की चाचा म्हणायचे, "आता हस. हा अम्मीसाठी." आणि दुसरा काढायचे. पोरगं गेल्यावर तो दुसरा फोटो घरी पोहोचायचा. खाडीकाठच्या कित्येक घरांत भिंतीवर हसणारे तरुण आहेत, त्यांतले काही आता आजोबा होऊन परत आलेत आणि आपल्याच फोटोखाली बसून चहा पितात.

पण चाचांचा जीव होता जत्रेच्या नाटकांत. आमच्याकडे गावोगावची नाट्यमंडळं, जत्रेला नाटक व्हायलाच हवं. नांगर धरणारे, मासे विकणारे, पोस्टात शिक्के मारणारे हात त्या एका रात्रीपुरते राजदंड धरतात. चाचा स्टेजसमोर फार कमी फोटो काढायचे. ते रंगपटात जायचे, कोपऱ्यातल्या ट्रंकेवर बसायचे, आणि लोक त्यांना विसरेपर्यंत थांबायचे. "स्टेजवर गेला की नट सगळ्यांचा," ते म्हणायचे. "त्याच्या आधी दोन मिनिटं तो कोणाचाच नसतो. तेवढा माझा."

त्या दोन मिनिटांचे फोटो बघाल तर तुम्हीही चाचांच्या पाया पडाल. एकात मुकुट घातलेला राजा बटाटावडा खातोय, आणि मिशीला तेल लागू नये म्हणून एका दासीनं ती मिशी दोन बोटांनी वर धरलीय. दासीच्या मनगटावर केस आहेत. दुसऱ्यात राक्षसाचं काम करणारा आमचा पोस्टमन सुळे शेजारी काढून ठेवून चष्मा पुसतोय. आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यांत थोर: आरशासमोर बसलेला एक माणूस, अर्ध्या चेहऱ्याला रंग लागलाय, अर्ध्या नाही. डावीकडे भाताच्या शेतात उन्हानं रापलेला गडी, उजवीकडे राणी. दोघंही एकाच आरशात बघतायत, आणि दोघांनाही दुसऱ्याबद्दल आदर आहे असं दिसतं.

तो माणूस म्हणजे आमचे मामा. माझे सख्खे नव्हेत, गावाच्या नात्यानं. भातशेती आणि पांढरा कांदा. पण तरुणपणी मामांसारखा स्त्रीपार्टी अलिबागपासून मुरुडपर्यंत नव्हता. नऊवारी नेसून ते विंगेतून चार पावलं आत आले की पुढं बसलेल्या बायका आपोआप आपला पदर सारखा करायच्या. गळाही बरा होता. बराच म्हणतो मी, कारण तो थोर झाला फक्त एका रात्री.

ती रात्र आमच्या गावात अजून सांगतात. संगीत नाटक होतं, मामा राणी. मुलाला लढाईवर पाठवल्यावर राणी देवापुढचा दिवा सारखा करते आणि पद म्हणते. त्या रात्री ते पद असं लागलं की कुल्फीवाल्यानं घंटा धरून ठेवली. वन्समोर झाला. राणी पुन्हा गायली, पुन्हा वन्समोर. आणि दुसऱ्या खेपेला दोनदा लख्ख उजेड पडला: चाचांचा फ्लॅश. मीही तिथं होतो असं मी सगळ्यांना सांगतो. आई म्हणते, मी तिच्या मांडीवर झोपलो होतो.

नंतर गंमत अशी की मामांनी ते पद पुन्हा कधी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी राणीचं काम आलं, त्यांनी नको म्हटलं. लोकांनी हातापाया पडून विनवलं. मामा म्हणाले, "तसा सूर एकदाच लागतो." केवढं वैराग्य. शिखरावर असताना थांबणं कशाला म्हणतात, हे सांगताना मी निदान पंधरा शाळांत मामांचं उदाहरण दिलंय.

आणि मामा-चाचांची दोस्ती. दर वर्षी कांदा निघाला की मामा पहिली वेणी, म्हणजे पातींसकट विणलेली कांद्यांची माळ, स्वतः चाचांच्या घरी नेऊन देणार. दर ईदला चाचांकडून मामांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा. मामांच्या मुलीच्या लग्नात चाचा ताप अंगावर घेऊन फोटो काढत होते. मामा त्यांना फोटोवाले म्हणतात, चाचा त्यांना बाईसाहेब. चाळीसेक वर्षं असं चाललंय. यावरही माझं एक भाषण आहे, त्यात मी एका ठिकाणी आवाज कापरा करतो.

तर यंदा आमच्या नाट्यमंडळानं ठरवलं की जत्रेत जुन्या नटांचा आणि चाचांचा सत्कार करायचा, आणि चाचांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं. मंडळाचा सचिव नागावला होमस्टे चालवतो आणि फावल्या वेळात पर्यटकांना बनाना बोटीवरून समुद्रात पाडतो. कल्पना त्याची, आणि कल्पना चांगली होती. पण आमच्याकडे कामाची एक पद्धत आहे: आधी फ्लेक्स लागतो, मग कार्यक्रम ठरतो. एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लागला. वर मामा, खाली चाचा, मध्ये पिवळ्या अक्षरांत: 'राणीच्या पदाच्या ऐतिहासिक छायाचित्राचे भव्य अनावरण.'

तो फोटो आम्हांपैकी कोणी पाहिला नव्हता. पण फ्लॅश सगळ्या गावानं पाहिला होता. फ्लॅश पडला म्हणजे फोटो असणारच, आणि फोटो असला म्हणजे चाचांकडे असणारच. चाचांना विचारायचं तेवढं राहिलं.

फ्लेक्स लागला त्याच दुपारी चाचांचा मला फोन. "ये. एकटा ये."

गेलो. चाचा ओटीवर बसले होते, समोर निगेटिव्हची पत्र्याची पेटी उघडी. ऐंशीच्या आसपासचा माणूस, पण शर्टाची कॉलर कायम कडक. त्या दिवशी कॉलर दुमडलेली होती.

"दार ओढ," ते म्हणाले. "तो फोटो नाहीये."

"सापडेल, चाचा. दोघं मिळून शोधू."

"सापडायला आधी असावा लागतो, बेटा. मी काढलाच नाही."

मी हसलो. चाचा हसले नाहीत, तेव्हा मी बसलो.

"त्या रात्री प्रमुख पाहुणे आले होते, नारळ फोडायला," चाचा म्हणाले. "तो नारळ पहिल्या घावाला फुटेना. दुसऱ्याला फुटेना. आणि त्यांचा माणूस प्रत्येक घावाला मला म्हणतोय, घ्या, घ्या, फोटो घ्या. मग सरपंचांचं खानदान. मग पाहुण्यांसोबत सरपंचांचं खानदान. रोल तिथंच संपला. दुसरा आणलेला नव्हता."

"आणि फ्लॅश?"

"पद लागलं. मी नुसता ऐकत बसलेलो, डोळ्यांतून पाणी येतंय. वन्समोर झाला तसे सरपंच मागं वळले. 'ओ फोटोवाले, बघत काय बसलात, काढा की.' मग सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. मी जर म्हटलं असतं की रोल नाही, तर तिथंच कालवा झाला असता, पद राहिलं असतं बाजूला. म्हणून नुसता फ्लॅश मारला. दोनदा. लोक समाधानानं पुढं वळले."

नुसता फ्लॅश मारणं हे त्या काळच्या सगळ्या फोटोवाल्यांचं गुपित. लग्नात कोणाचा तरी आत्तोबा हट्टाला पेटतो, अमक्यासोबत काढा, तमक्यासोबत काढा. रोल वाचवायचा असतो. मग बटण न दाबता उजेड तेवढा पाडायचा, आत्तोबा खूश. चाचा म्हणाले, लग्नात त्याची शरम कधी वाटली नाही. "पण हा नट होता, बेटा. त्याच्या आयुष्याची ती एक रात्र. ती मी हवेत घालवली."

"मामांनी कधी विचारलं?"

"तेच तर. एकदा नाही. चाळीस वर्षांत एकदा म्हणाला नाही, फोटोवाले, माझा तो फोटो दाखवा. कोण नट असा असतो? म्हणजे त्याला कळलंय. कळूनही माझी इज्जत राखायला गप्प बसलाय, वर कांदे आणून देतो. आता तुम्ही त्याला स्टेजवर बसवणार, सगळ्या गावादेखत पडदा ओढणार, आणि आत काय? नारळ?"

नारळाचे फोटो मात्र पेटीत होते. एकाहून एक. प्रत्येक घाव स्वच्छ आलेला.

मी म्हटलं, सोपं आहे, सांगू की खाऱ्या हवेनं निगेटिव्ह खराब झाली. चाचांनी पेटीकडे हात केला. "एवढ्या सगळ्या धडधाकट आहेत. समुद्राला ती एकटीच सापडली?" मी म्हटलं, आजारी पडा. ते म्हणाले, आजारी पडलो तर तो पहिला बघायला येईल. आणि मग हळूच म्हणाले, "भाऊ गेले. स्टुडिओ गेला. या ओटीवर आता येतो कोण? तू काम असलं की येतोस. तो कामाशिवाय येतो. तो यायचा थांबला तर मी काय करू, सांग."

मी म्हटलं, करतो काहीतरी. हे वाक्य मी कोर्टासमोर रोज पक्षकारांना म्हणतो, पण तिथं ते मला कधी इतकं पोकळ वाटलेलं नाही.

सचिवाला मी अर्धंच सांगितलं: फोटो मिळत नाहीये. तो मुळीच घाबरला नाही. म्हणाला, "दादा, टेन्शन नको. मोबाइलवर बनवतो. आता नसलेल्या आजोबांचे पण फोटो बनतात." संध्याकाळपर्यंत त्यानं बनवलाही. राणी सुरेख होती. मालिकेत काम करत असावी. दिवा धरलेल्या हाताला सहा बोटं होती आणि मागं आमच्या गावच्या देवळाऐवजी राजस्थानातला महाल. मी तो चाचांना दाखवला. चाचांनी बराच वेळ बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. "उजेड चांगला टाकलाय," ते म्हणाले. "पण ही बाई कधी भूक लागून बसलेली नाही. नको." आणि तो विषय संपला.

राहिले मामा. त्यांना नारळ, पत्रिका देऊन रीतसर बोलवायचं काम माझ्याकडे होतं. गेलो तेव्हा मामा पडवीत बसून कांद्याची वेणी विणत होते. मला बघितलं आणि विणायचे थांबले.

"मी आलो न्हाय तर चालंल काय रे?" त्यांचं पहिलं वाक्य. "माझी तब्येत बरी न्हाय."

आतून मामींचा आवाज आला, "काय धाड भरलीय तब्येतीला? सकाळी तीन भाकऱ्या गेल्यात."

मामांनी आतल्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे सरकले. "तो फोटो," ते म्हणाले, "सापडला काय खराच?"

"प्रयत्न चालू आहेत, मामा."

"म्हंजे फोटोवाल्यांनी जपून ठेवलाय."

"जपून म्हणजे काय, अगदी."

"केवढा करणार? मोठा?"

"मोठा."

"कडंपर्यंत सगळा दिसंल काय त्यात? बाजूचा-बिजूचा?"

बोलताना ते विणलेली पात पुन्हा उसवत चालले होते. मला भरून आलं. वाटलं, बघा, कलावंत तो कलावंत. चाळीस वर्षं वाट पाहिली, तोंडानं मागितलं नाही, आणि आज विचारतोय काय, तर कडेपर्यंत दिसेल ना. त्या रात्रीचा एक धागाही निसटू नये, ही ओढ. आणि मला माहीत होतं की अनावरणासाठी बनवलेल्या चौकटीत नुसतं प्लायवूड आहे. परत येताना मी स्कूटर दोनदा बंद पाडली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात मांडव पडला. प्रदर्शन मांडलं होतं वऱ्हांड्यात, आणि मला वाटलं होतं की लोक एक चक्कर मारून चहाकडे वळतील. लोक हलेचनात. मिशी धरणाऱ्या दासीसमोर एक बाई उभी होती, ती हसत हसत रडायला लागली. दासी म्हणजे तिचे वडील. पोस्टमनच्या फोटोजवळ त्यांच्या बायकोनं काचेवरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हती. मुंबईहून रो-रो बोटीनं आलेला एक पाहुणा मला विचारत होता की हे फोटोग्राफर कुठं शिकले. मी म्हटलं, ट्रंकेवर बसून.

चाचा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते, आणि प्रत्येक हातासरशी चाचा आणखी खचत होते. कारण मंचावर, लाल पडद्याआड, ती चौकट उभी होती.

माझा बेत साधा होता. सत्कार उरकायचे, मग "तांत्रिक कारणास्तव" म्हणायचं आणि लगेच राष्ट्रगीत. राष्ट्रगीतात कोणी प्रश्न विचारत नाही. मामांना शाल दिली. मामांचा चेहरा असा पांढरा, की बिनारंगाची राणी. चाचांना शाल दिली. मी माइक घेऊन "तांत्रिक" एवढं म्हटलं, आणि चाचांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला.

ते म्हणाले, "मी शाल घेतली, ती परत करावी लागेल. तो फोटो नाही. कधीच नव्हता." आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी गावाला सांगितलं. नारळ सांगितला, सरपंच सांगितले, नुसता फ्लॅश सांगितला. आवाज वाढवला नाही, कारण दिलं पण आडोसा घेतला नाही. शेवटी मामांकडे वळून हात जोडले. "बाईसाहेब, तुमची रात्र माझ्या हातून गेली. तुम्ही कधी बोलला नाहीत, ही तुमची मेहेरबानी. आज माफी मागतो."

मागं कोणाचा तरी मोबाइल वाजला आणि त्यानं तो छातीशी दाबून धरला.

मामा उठले. मला वाटलं, आता पडतात की काय, म्हणून मी खुर्चीमागं गेलो. त्यांनी माइक घेतला.

"काहीच न्हाय?" मामांनी विचारलं.

"काहीच नाही."

"माझा तोंड, विंग, पडदा, काहीच आला न्हाय?"

"रोलच नव्हता, बाईसाहेब. फक्त उजेड."

मामांनी श्वास सोडला. तो माइकमधून गेला, आणि मांडवाच्या टोकापर्यंत असा पसरला की जणू सगळ्या गावानंच सोडला. ते खुर्चीत बसले. चेहऱ्यावर रंग परत आला. मग ते हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मला काही कळेना. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी ते सुटले होते. गप्प बसले असते तर जन्मात कोणाला काही कळलं नसतं. पण समोर चाचा अजून हात जोडून उभे होते, मान खाली, आणि मान काही वर येत नव्हती.

मामा पुन्हा उठले. चाचांचे जोडलेले हात त्यांनी धरून सोडवले, नारळ सोलताना वरचं सोडण ओढावं तसे.

"हात कसले जोडता, फोटोवाले. मीच तुमच्या फोटोला भीत व्हतो." मग गावाकडे वळले. "त्या दिवशी माझा गळा बसला व्हता. दुपारी जत्रंत बरफाचा गोळा खाल्ला, संध्याकाळी आवाजच न्हाय. नाटक मोडलं असतं. मी नुसता तोंड हलवला. गायला दुसराच."

पुढच्या रांगेतून एक म्हातारे म्हणाले, "कोण, पेटीवाला?"

"पेटीवाल्याचा आवाज ऐकलायस कदी? म्हस परवडली. पेटीवाल्याला म्हाईत व्हता, पण बिचारा बोलला न्हाय, तसाच गेला." मामा थांबले. "विंगेत आमची बायको उभी व्हती, डोक्यावर पदर घेऊन. मी घरात पद घोकायचो, तिला भाकऱ्या करता करता पाठ झाला व्हता. ती गायली. वन्समोर पन तिनंच दिला. आन् ह्यांचा फ्लॅश पडला तवा विंगेत दिवस झाला. मी म्हटला, मेलो. फोटोत माझा तोंड मिटलेला येनार, आन् तिचा उघडा."

मग ते चाचांकडे वळले. "मला वाटला, फोटो धुतला तवाच तुमाला कळला. कळूनपन गावाला दाखवला न्हाय. म्हटला, केवढा मोठा मानूस. म्हनून कांदे."

चाचांनी मान वर केली. "म्हणजे ते कांदे भीतीचे होते?"

"पहिली दोन-चार वरसं भीतीचे. मग सवय लागली."

"माझा शीरखुर्मा शरमेचा होता."

"असू दे. चांगला असतो."

आणि चाचा हसले. कॉलर कडक असलेला तो म्हातारा माणूस असा हसला की त्याला बसवावं लागलं, आणि मामा त्याच्या शेजारी बसले, सत्कारमूर्तींच्या दोन वेगळ्या खुर्च्या सोडून एकाच बाकावर. मामांनी विचारलं, उद्या घरी आहात ना, वेणी तयार हाय. चाचा म्हणाले, मी कुठं जातोय. माझी दोन भाषणं कायमची बुडाली, मैत्रीचं आणि वैराग्याचं, पण खरं सांगतो, मला त्यांचं काहीच वाटलं नाही.

त्या गडबडीत सचिवानं, ठरलं होतं म्हणून, पडद्याची दोरी ओढली. पडदा बाजूला झाला, रिकामी चौकट दिसली, आणि लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ओसरल्या तशा माना वळायला लागल्या. आधी बायकांच्या, मग पुरुषांच्या, मग मंचावरच्याही. मामी बायकांच्या बाजूला पाचव्या रांगेत बसल्या होत्या. आमच्याकडच्या लग्नांत धवले गातात, म्हणजे लग्नविधीची गाणी; ते गायला गावात त्यांनाच बोलावतात. तिथं बसलेल्यांतल्या निम्म्यांची लग्नं त्यांच्या गळ्यावर लागली होती, माझंही, आणि त्या रात्रीची राणी आम्हांपैकी एकालाही ओळखता आली नव्हती. कोणीतरी मागून हळूच "वन्समोर" म्हटलं. मग दुसऱ्यानं. सचिव माइक घेऊन त्यांच्याकडे धावला.

मामींनी तोंडावर धरलेला पदर खाली घेतला. माइक हातानं बाजूला केला. आणि मंचावरच्या नवऱ्याकडे बघत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा त्या आवाजात म्हणाल्या, "अवो, ह्ये जरा आधी बोलायचा व्हता. सासूबाय मरस्तवर मला ऐकवत व्हती, बाय, गळा असावा तर माझ्या लेकासारका."